कॅलिपर नंतर, आधी ब्रेक ऑइल

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, माणसासकट वजन १३०० किलोच्या आसपास. रोज ऑफिसला मी तीच नेतो आणि सकाळी मुलीला शाळेत सोडायला पत्नीही तीच वापरते. वर्षातून चार-पाच वेळा मी ती ट्रॅकवर घेऊन जातो. मागच्या खेपेला पाचव्या लॅपमध्ये, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, पेडल एकदम खोल गेलं. दोनदा पंप केल्यावर ब्रेक लागले, पण तोवर वळण हुकलं आणि गाडी बाहेर खडीत गेली. संध्याकाळी घरी येताना मात्र पेडल नेहमीसारखं घट्ट होतं. ट्रॅकवरचे मित्र म्हणतात, सहा पिस्टनचं मोठं कॅलिपर किट आणि भोकं पाडलेल्या डिस्क घे. मेकॅनिक म्हणतो, कंपनीचे ब्रेक उत्तम आहेत, कशाला हात लावू नका. कोणाचं ऐकू?

उत्तर : त्या दिवसानंतर ब्रेक ऑइल बदललं नसेल तर आधी ते बदलून घ्या. पुढचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल. संध्याकाळी पेडल पुन्हा घट्ट लागलं म्हणून तुम्ही निर्धास्त झालेले दिसता, आणि मला काळजी वाटते ती तिथेच.

तुम्ही लिहिलेली लक्षणं उकळलेल्या ऑइलची आहेत. पाय दाबला की तो जोर चाकापर्यंत पोचतो, कारण द्रव दाबला जात नाही. कॅलिपरमधलं (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून पॅडने आवळणाऱ्या भागातलं) ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. पेडल खाली जातं आणि चाकाला काही कळत नाही. पंप केल्यावर थोडं जास्त ऑइल ढकललं जातं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ब्रेक लागतात. ऑइल निवलं की वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल घट्ट होतं आणि माणसाला वाटतं, झालं ते झालं. पण हवेतून शोषलेल्या ज्या पाण्यामुळे ते ऑइल लवकर उकळलं ते आतच आहे. पुढच्या वेळी ते उकळेल तेव्हा तुम्ही हेल्मेट घालून मोकळ्या ट्रॅकवर असाल असं नाही. एखादा लांब उतार असेल आणि गाडीत घरची माणसं असतील.

पॅड हरतात तेव्हा वेगळं घडतं. तेव्हा पेडल दगडासारखं कडक असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी थांबत नाही. पेडल मऊ पडलं तर ऑइल, पेडल कडक राहून गाडी धावत राहिली तर पॅड. ही खूण लक्षात ठेवा, कारण पैसे कुठे घालायचे ते यावरूनच ठरतं. (एक तिसरा प्रकारही असतो: कडेच्या उंचवट्यावरून चाक जोरात गेलं की डिस्क हलून पॅड मागे ढकलले जातात आणि त्यानंतरचं फक्त पहिलं पेडल लांब जातं. तो बहुधा बेअरिंगच्या ढिलेपणाचा प्रश्न असतो. तुमच्या वर्णनात तसं दिसत नाही, तरी गाडी वर घेतली आहे तर चाक हलवून बघायला हरकत नाही.)

आता तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं. रस्त्यापुरतं ते अगदी खरं आहे. रस्त्यावर आणि ट्रॅकवर फरक पडतो तो उष्णतेचा. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र, आणि वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तुमच्याच गाडीचा हिशेब करू. ताशी ५० वरून पूर्ण थांबायला साधारण १२५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकला पोटात घ्यावी लागते. ताशी १५० वरून ६० पर्यंत यायला सुमारे ९५०. यातला ७० टक्के वाटा पुढच्या ब्रेकचा आणि पुढची प्रत्येक डिस्क सहा किलोची धरली, तर गावातल्या थांब्याला डिस्क पंधरा-सोळा अंशांनी तापते, आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी एका दमात सव्वाशे अंशांच्या आसपास. थांब्या-थांब्यातला वेळ निवायला पुरत नाही, म्हणून प्रत्येक लॅपला थोडी उष्णता शिल्लक राहते आणि साचत जाते. पहिले चार लॅप सगळं ठीक वाटलं आणि पाचव्याला घात झाला, त्याचं कारण हे. ब्रेकची ताकद कमी पडली नव्हती. पहिल्या लॅपला त्याच ब्रेकनी तुम्हाला त्याच वळणाआधी नीट थांबवलं होतं.

डिस्क ब्रेकचं नाव शर्यतीत झालं तेही उष्णतेमुळेच. १९५३ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जग्वारच्या सी-टाइप गाडीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. ड्रम ब्रेकमध्ये कोंडून राहणारी उष्णता डिस्कवरून वारा घेऊन जातो, हा तिचा मोठा फायदा होता.

तेव्हा सुरुवात ऑइलपासून. बाटलीवरचं डॉट म्हणजे उकळण्याच्या बिंदूची किमान अट. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंशांपर्यंत टिकलं पाहिजे, डॉट ४ निदान २३०, डॉट ५.१ निदान २६०. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की या अटी अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणजे जुनं झालेलं डॉट ४ ताज्या डॉट ३ पेक्षाही लवकर उकळू शकतं. ट्रॅकसाठी मिळणारी डॉट ४ जातीची ऑइल ताजी असताना ३०० अंशांच्या पुढे जातात. तुमच्यासाठी हीच घ्यावीत, मात्र ती वर्षानुवर्षं ठेवायची नसतात. वर्षातून एकदा पूर्ण बदल आणि प्रत्येक ट्रॅकच्या आधी चारही चाकांची एअर काढणं (निपल उघडून ब्रेकमधली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढणं), एवढा नेम पाळा. बाटली एकदा उघडली की उरलेलं ऑइल पुढच्या खेपेला वापरू नका. आणि नावात ५ आहे म्हणून नुसतं डॉट ५ उचलू नका. ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या सिस्टीममधल्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत चालत नाही. डॉट ५.१ ही वेगळी चीज आहे.

एअर काढताना स्वतः उभे राहा. कॅलिपरवरच्या निपलला पारदर्शक नळी लावायला सांगा आणि तिच्याकडे बघा. पुढच्या चाकातून आधी चहाच्या रंगाचं, गढूळ ऑइल येईल, मधूनच बारीक बुडबुड्यांची माळ सरकेल, मग रंग फिका होत होत बाटलीतल्यासारखा होईल. तो रंग सलग येत राहिला, बुडबुडा दिसेनासा झाला, की निपल बंद. टाकीतली पातळी मध्येच तळाला जाऊ देऊ नका; हवा एबीएसच्या पंपात शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो. आणि हे ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोडवतं.

दुसरा क्रम पॅडचा, आणि खरा निर्णय तुम्हाला इथेच घ्यायचा आहे. रस्त्याचे पॅड थंडीत, पावसात, पहिल्याच दाबाला धरतात. साधारण तीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यांची पकड सुटायला लागते. निव्वळ ट्रॅकचे पॅड सहाशेच्या पुढेही धरून राहतात, पण ते गार असताना त्यांची पकड कमी असते. शिवाय ते किंचाळतात, डिस्क खातात आणि त्यांची भुकटी ओल लागली की रिमवर गंजून बसते. किंचाळणं सहन करता येईल. गार असतानाची ढिलाई सहन करण्यासारखी नाही, कारण सकाळी गाडी बाहेर काढून शाळेच्या रस्त्याला लागतात त्या तुमच्या पत्नी. समोर कोणी आलं तर त्यांचा पाय सवयीच्या जोराने पडणार आणि गाडी सवयीच्या जागी थांबणार नाही. त्यांना आधी सांगून ठेवलं तरी ऐन वेळी ते आठवत नाही. म्हणून रोजच्या गाडीवर निव्वळ ट्रॅकचे पॅड नकोतच, याबाबत मी ठाम आहे.

मधला पर्याय म्हणून दोन्हीकडे चालणारे पॅड मिळतात. ते गारही बऱ्यापैकी धरतात आणि पाचशेच्या आसपासपर्यंत तग धरतात. तुमची सत्रं छोटी असती, चार लॅप फिरून बाहेर, तर मी तेच सुचवले असते. घेतलेत तर रस्त्यासाठीची मंजुरी असलेले घ्या. युरोपीय आर९० मंजुरीचे पॅड कंपनीच्या मूळ पॅडच्या कामगिरीपासून फार लांब जाऊ शकत नाहीत, गार असतानासुद्धा. पण तुम्ही पाच लॅप आणि पुढेही जोर लावता, म्हणून तुम्हाला दोन संच ठेवा म्हणेन. घरी कंपनीच्या दर्जाचे पॅड, आणि ट्रॅकचे पॅड आदल्या दिवशी किंवा तिथे पोचल्यावर चढवायचे. हे काम शिकण्यासारखं आहे. गाडीखाली नुसता जॅक नको, स्टँड लावा. सरकत्या कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना त्यांचंच ग्रीस द्या. बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा. पॅड बसवून झाले की गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्या. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट तळाला जातं, आणि लोक हे विसरून गॅरेजचं दार तोडतात.

एकाच डिस्कवर दोन जातींचे पॅड आळीपाळीने चालवताना एक अडचण येते. पॅड डिस्कवर स्वतःचा पातळ थर चढवतो आणि त्या थरावरच नीट धरतो. दुसऱ्या जातीचा पॅड त्यावर घासला की थर कुठे जाड, कुठे पातळ होतो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. बहुतेक लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात. बऱ्याचदा ती वाकलेली नसते, थर असमान असतो. त्यामुळे दोन्ही संच एकाच बनवणाऱ्याचे, एकमेकांशी जुळतात असं त्यांनी सांगितलेले घ्या. तसं जमत नसेल तर साध्या डिस्कची एक जादा जोडी ट्रॅकसाठी बाजूला ठेवा. नव्या पॅडना आधी बसवून घ्यावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर शंभरच्या आसपासवरून तीसपर्यंत सात-आठ वेळा चांगला जोर लावून वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो न शिवता गाडी चालवत निववायची. बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. हे न करता नवे पॅड थेट ट्रॅकवर नेले तर पहिल्यांदा जोरात तापताना त्यांच्यातून वायू सुटतो आणि पॅड नवेकोरे असूनही क्षणभर पकड जाते.

मागच्या खेपेचे पॅड काढाल तेव्हा ते टाकून देऊ नका, उन्हात धरून बघा. कडा पांढुरक्या होऊन बोटाने भुगा पडत असेल तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला होता. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर पिना अडकल्या आहेत. पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर कॅलिपर जोरात फाकतोय. मोठ्या कॅलिपरच्या बाजूने हा एक खरा मुद्दा असतो. पिस्टनभोवतीचं रबर करपून तडकलं असेल तर ते बदला. मागचे पॅडही तपासा. गाडी घसरू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वळणात चाकांचे ब्रेक आपणहून लावते, त्यात मागचे पॅड अपेक्षेपेक्षा लवकर संपतात. आणि ट्रॅकसाठी पॅड अर्धे झिजले की बदला. रस्त्यावर ते अजून चालतील, पण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे लवकर पोचते.

भोकांच्या डिस्क नकोत. भोकांनी वजन थोडं कमी होतं, पावसात पहिला दाब जरा बरा मिळतो, दिसायला त्या सुंदर आहेत. पण उष्णता साठवायला लागतं ते लोखंडाचं वस्तुमान, आणि भोक पाडणं म्हणजे तेच कमी करणं. वारंवार तापून-निवून त्या भोकांच्या काठापासून केसासारख्या भेगा निघतात, एका भोकातून दुसऱ्याकडे पोचतात. तुमच्यासाठी साध्या, आतून वारा खेळणाऱ्या, चांगल्या बनवणाऱ्याच्या डिस्क पुरेत. चऱ्या पाडलेल्या घेतल्यात तरी चालेल, पॅडचा पृष्ठभाग साफ राहतो, मात्र पॅड थोडे लवकर झिजतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्या खाली गेलेली डिस्क ट्रॅकवर नेऊ नका.

पोलादी जाळीचे होज पाइप घ्यावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मित्र तेही सुचवतीलच. रबरी पाइप जुने झाले असतील तर जरूर घाला, पेडल जास्त नेमकं लागतं. थांबण्याचं अंतर त्याने कमी होत नाही. मंजुरी असलेलेच घ्या आणि बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघा.

आता सहा पिस्टन. तुमचा एबीएस चालू होईपर्यंत तुम्ही ब्रेक दाबू शकत असाल, तर ब्रेकची ताकद आजच टायरच्या पकडीपेक्षा जास्त आहे. त्यापुढे कितीही मोठं कॅलिपर लावलं तरी गाडी लवकर थांबत नाही, कारण थांबवतो तो टायर. म्हणून किटआधी टायर बदललेले बरे. मोठ्या किटचा खरा उपयोग उष्णतेला आहे: जड डिस्क, जाड पॅड, न फाकणारं कॅलिपर. जड गाडी, जास्त ताकद, वीस-वीस मिनिटांची सत्रं असतील तर ते किट लागतं, आणि तेव्हा ते घ्यायला मी स्वतः सांगेन. पण फक्त पुढे मोठे पिस्टन आणि मोठी डिस्क आली की पुढच्या-मागच्या ब्रेकचं कंपनीने बांधलेलं प्रमाण बिघडतं. पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात, मागची आळशी राहतात, आणि थांबण्याचं अंतर उलट वाढू शकतं. एकूण पिस्टनचं क्षेत्रफळ मूळ कॅलिपरच्या जवळ ठेवलं आहे का, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर तिथून निघा. मोठं कॅलिपर तुमच्या रिममध्ये मावतं का आणि वर्षभराने त्याचे सील-पॅड सुटे मिळतात का, हेही आधी बघायचं.

पैसे न घालता बरंच काही चालवण्यातून मिळतं. ट्रॅकवर ब्रेक उशिरा, जोरात आणि थोडा वेळ लावा. घाबरत लांबूनच दाबून धरला तर पॅड जास्त वेळ डिस्कला चिकटून राहतो आणि निवायला मिळणारा वेळ खातो. तीन लॅप जोरात, एक निवांत, अशी सुरुवात करा. शेवटचा लॅप ब्रेकवर जवळजवळ पाय न ठेवता काढा. पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्यावर पेडल दाबून उभे राहू नका आणि हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड एकाच जागी दाबला गेला की तिथे त्याचा ठसा उमटतो, पुढची थरथर तिथूनच सुरू होते. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाखाली ठोकळा लावा. एखाद्या लॅपला पेडल बोटभर जरी जास्त आत गेलं तरी तो लॅप तिथेच सोडून बाहेर या. पाचव्या लॅपच्या आधी चौथ्यात ते थोडं लांबलं असणारच.

पुढच्या खेपेसाठी डिस्कच्या कडेला लावायचा तापमान दाखवणारा रंग आणि कॅलिपरवर चिकटवायच्या तशाच पट्ट्या घेऊन जा. ठराविक अंश ओलांडले की त्यांचा रंग बदलतो आणि तो तसाच राहतो. ताजं ऑइल आणि ट्रॅकचे पॅड असताना पेडल कितव्या लॅपला बदललं, रंग कुठवर गेले, चारही चाकांच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी किती उरली, हे सगळं लिहून पाठवा. तरीही ऑइल उकळत असेल तर आधी पुढच्या ब्रेककडे वारा नेणारी नळी बसवू, आणि तिनेही भागलं नाही तर त्या आकड्यांवरून किट निवडू.